खडकांवरची बोट

खडकांवर चढून बसलेल्या मालवाहू बोटीचा तो फोटो बाबांनी तरुणपणी काढलेला. गावातल्या निम्म्या दुकानांत त्याची प्रत लटकलेली असायची. नगरपालिकेने नव्या सभागृहासाठी भिंतभर मोठी प्रत मागितली, तेव्हा मी हुरळूनच गेले आणि समारंभाचं बोलावणं करायला काकांकडे गेले. काका म्हणजे बाबांचे सख्खे धाकटे भाऊ. पलीकडच्याच गल्लीत राहायचे, पण आमच्या स्टुडिओची पायरी चढताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

त्यांनी माझं सगळं बोलणं ऐकून घेतलं.

"त्या दिवशी आम्ही काठावरून दोर ओढत होतो," ते म्हणाले. "दुसऱ्या टोकाला बोटीवरचा आचारी, पाण्यात. तुझा बाप तिथेच कॅमेरा लावून उभा. मी ओरडलो, दादा, ते सोड, इकडे हात लाव. त्याने मान वळवली नाही. दोर निसटला आमच्या हातातून."

"आणि आचारी?"

"सापडला. पण नंतर."

घरी आले तर बाबा त्याच प्रतीवरचे पांढरे ठिपके बारीक ब्रशने भरत बसले होते.

"काका म्हणतात, तुम्हाला हाक ऐकू गेली नसेल," मी खोटंच बोलले. त्यांना पळवाट मिळावी म्हणून.

बाबांनी ब्रश खाली ठेवला. "गेली होती. वाटलं, एवढा एक काढतो आणि जातो."

त्या दिवशी ते जेवले नाहीत. सकाळी म्हणाले, "मला त्याच्याकडे ने."

काकांनी दार उघडलं, खुर्ची पुढे सरकवली. बाबा टेकले.

"मी आलो असतो तर," बाबांनी सुरुवात केली.

"तर काय झालं असतं, ते मलाही ठाऊक नाही," काका म्हणाले. "इतकी वर्षं तुला शिव्या घातल्या. पण आणखी एका माणसाने तो दोर हातात राहिला असता का, कोण सांगणार?"

बाबांनी तोंड ओंजळीत लपवलं. काकांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला नाही. जा असंही म्हणाले नाहीत.

प्रत मी दिली. खाली ओळ छापली: हा फोटो काढला जात असताना बोटीवरचा आचारी बुडाला. नगराध्यक्षांचा फोन आला. "अहो, उद्घाटनाला हे असलं कशाला? तेवढी ओळ काढा."

"मग फोटोही परत पाठवा," मी म्हटलं.

त्यांनी तो ओळीसकट ठेवून घेतला, पण सभागृहात न लावता मागच्या जिन्यात लावला. मी एकदा जाऊन पाहून आले. बाबा आणि काका, दोघांपैकी कुणीच गेलं नाही.