पार्किंगमध्ये कोण बसणार

स्वतःच्या घराचा स्लॅब भरला जाताना डोळ्यांनी पाहणं हा माणसाच्या आयुष्यातला सर्वोच्च क्षण होय, त्यापुढे लग्नबिग्न सगळं किरकोळ, असं लीलाधर बाविस्करचं ठाम मत होतं. हे मत त्याने रस्त्याच्या पलीकडे, दुसऱ्याच्या बंगल्यासमोर, दुसऱ्याच्या निंबाच्या सावलीत, दुसऱ्याच्याच प्लास्टिकच्या खुर्चीत बसून बनवलं होतं. त्याच्या स्वतःच्या प्लॉटवर सावली नव्हती. तिथलं एकुलतं एक झाड त्यानेच बांधकामाला अडचण नको म्हणून तोडायला लावलं होतं.

लीलाधर धुळ्यात एका सरकारी कार्यालयात अधीक्षक. राहायला भाड्याचा फ्लॅट, दुसऱ्या मजल्यावर, लिफ्टशिवाय. रिटायरमेंट दारात आलेली, म्हणून जळगावच्या बाहेर घर. पूर्वी तिथे शहर संपून कापसाची शेतं सुरू व्हायची. आता शेतं संपून प्लॉट सुरू होतात. दसऱ्यापासून दर रविवारी तो सकाळच्या एसटीने यायचा, खुर्चीत बसायचा आणि देखरेख करायचा. देखरेख म्हणजे विटांकडे बघणं. गवंडी त्याला साहेब म्हणायचे आणि त्यांना हवं तसं बांधायचे. त्यामुळे काम चांगलं चाललं होतं.

अडचण घरात नव्हती. घर ज्या माणसासाठी होतं, त्या माणसात होती.

त्याची आई यशोदाबाई धरणगावकडच्या खेड्यात एकटी राहायची. पावसाळ्यात ती न्हाणीत पाय घसरून पडली. हाड वाचलं, पण शेजारच्या आक्काबाईला हाक ऐकू जाईपर्यंत बाई ओल्या फरशीवर पडून होती. तेव्हापासून लीलाधरला फोनची रिंग वाजली की आधी घाम फुटायचा, मग नंबर दिसायचा. आणि आता आक्काबाई आखाजीनंतर, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतर, लेकाकडे सुरतला जाणार होती, कायमची. म्हणजे यशोदाबाई पुन्हा पडली असती तर हाक ऐकायला कोणी नव्हतं.

"माय, तुझ्यासाठी खालीच खोली आहे," त्याने फोनवर सांगितलं. एरवी तो आईशी अहिराणीत बोले, पण घराचा विषय निघाला की आपोआप प्रमाण मराठीत जाई. अटॅच्ड बाथरूमचं कौतुक अहिराणीत नीट होत नसे. "संडास आतच. धरायला भिंतीला स्टीलचे दांडे."

"दांडासंगे मी काय बोलू?" आई म्हणाली. "घरनं नको सांगू. पहिले शेजार दखाड."

लीलाधरची बायको दीपमाला शिक्षिका होती, त्यामुळे तिला प्रश्न लगेच कळला. "आधी तुम्ही तरी पाहिलाय का शेजार?"

"दर रविवारी तिथेच तर असतो."

"खुर्चीत," दीपमाला म्हणाली.

मग लीलाधरने कॉलनीची पाहणी केली. पाहणी करण्याचा त्याला सरकारी अनुभव होता, म्हणजे तो कुठेही आत गेला नाही. उद्यानासाठी राखीव जागेत एक म्हैस बांधलेली होती. गटारीच्या आधी देऊळ झालं होतं आणि देवळाच्या आधी देवळाची कमान. एका फाटकावर 'कुत्र्यापासून सावध रहा' अशी पाटी होती, म्हणून त्या बाजूला तो गेलाच नाही. बाकी फाटकंही बंद. प्रत्येक बंगल्यापुढे सरकतं फाटक, फाटकामागे फरशी, फरशीवर गाडी, गाडीवर कापड. बाहेर माणूस दिसेना. या शेजारात आईला दाखवण्यासारखं एक मेडिकल दुकान होतं, तेही रविवारी बंद.

स्लॅबचा दिवस ठरला आणि यशोदाबाई येते म्हणाली. लीलाधर स्वतः जाऊन तिला घेऊन आला. हिरवं लुगडं, हातात पिशवी, पिशवीत घरची वांगी. कारण स्लॅबच्या दिवशी माणसांना भरीत-पुरी घालायची असते आणि बाजारातल्या वांग्यांवर तिचा विश्वास नव्हता. काँक्रीटचा मिक्सर घरघरत होता, फळीपाशी रिकामी घमेली रांगेत लागली होती, मागच्या बाजूला दीपमाला तुराट्यांच्या जाळावर वांगी भाजायला बसली होती. लीलाधर आईला घेऊन पुढच्या भागात उभा राहिला.

"हे पार्किंग," तो म्हणाला.

"गाडी कोठे शे?"

"गाडी नाही अजून. घ्यायची आहे."

"मंग आठे कोन बठस?"

"इथे बसत नाहीत, माय. पार्किंग आहे."

यशोदाबाईने रिकाम्या जागेकडे बराच वेळ बघितलं, जसं काही मयताला आली आहे. मग आपली खोली, दांड्यांची जागा, काही न पाहता ती वाळूच्या ढिगाला टेकून उभी राहिली. लीलाधरने मनातल्या मनात हार मानली. नारळ फोडायला गवंड्याने त्याला बोलावलं. नारळ फोडून, खोबरं वाटून, वर सळया मोजून तो तासाभराने परत आला, तर ढिगाजवळ आई नव्हती.

दीपमालाकडे नव्हती. आतल्या खोल्यांत टेकूंची बांबू-बल्ल्यांची गर्दी होती, तिथे नव्हती. वर काँक्रीट पडायला सुरुवात झाली. "साहेब, या वर, बघा!" गवंडी ओरडला. साहेब रस्त्यावर होते.

नव्या कॉलनीत दर दुसऱ्या प्लॉटवर जमिनीखालच्या पाण्याच्या टाकीचा खड्डा असतो आणि त्याला झाकण शेवटी बसतं. हे लीलाधरने दर रविवारी पाहिलं होतं, पण त्याचा अर्थ त्याला आत्ता लागला. तो एकेका खड्ड्यात वाकून हाका मारू लागला. खड्ड्यातून त्याचाच आवाज परत येई. आपण आईला फक्त फरशीवरून उचलून खड्ड्यात आणून ठेवलं, असं त्याला वाटलं, आणि मग त्याने आयुष्यात कधी न केलेली गोष्ट केली. अनोळखी माणसाचं फाटक वाजवलं.

बनियनवर एक गृहस्थ बाहेर आले. "हिरवं लुगडं? त्या होय! पाणी पिऊन गेल्या की. माझी शुगर किती म्हणून विचारत होत्या. मेथ्या खा म्हणाल्या."

"कुठे गेल्या?"

"ते नाही सांगितलं. तुम्ही कोण?"

पुढच्या घरी शिल्पा नावाची तरुण बाई कडेवर पोर घेऊन आली. "आजी ना? बाळाचं पोट चोळून देऊन गेल्या. आत्ता झोपला बघा, सकाळपासून रडत होता. माझं माहेर साक्रीचं, तर त्यांनी आमच्या गल्लीतली दोन माणसं ओळखून काढली."

कुत्र्याच्या पाटीसमोर लीलाधर क्षणभर थांबला, मग पाटीवरच हात आपटला. प्रेमराज नावाचा माणूस बाहेर आला. "कुत्रा नाहीये हो. पाटी तेवढी आहे. म्हातारीला ते लांबूनच कळलं, ती सरळ आत आली. तुम्ही समोर बांधकामावर असता ना? आम्हाला वाटलं, कंत्राटदाराने माणूस बसवलाय."

"मालक आहे मी."

"असं का? बसून असता म्हणून वाटलं."

अशी सगळी गल्ली झाली. प्रत्येक फाटकामागे माणसं होती, प्रत्येकाकडे आई येऊन गेली होती आणि ती कुठे गेली ते कोणालाच माहीत नव्हतं. गल्लीला वळसा घालून, शर्ट घामाने चिकटलेला, लीलाधर पुन्हा आपल्या प्लॉटसमोर आला आणि मटकन त्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसला. पोलिसात सांगावं, की आधी दीपमालाला, याचा विचार करत असताना त्याला पाठीमागून आईचा आवाज ऐकू आला.

"लसूण टाक्याबिगर भरीत? मंग ते वांगं उकडेलच शे."

खुर्चीच्या मागे, निंबाच्या मागे, तो बंगला होता. तेवढं एकच फाटक वाजवायचं राहिलं होतं. त्या बंगल्याला फाटकाच्या आत उंच, काळ्या फरशीचा ओटा होता. दसऱ्यापासून लीलाधरची पाठ त्या ओट्याकडे होती. ओट्यावर यशोदाबाई आणि घरच्या सायरबाई मांडीला मांडी लावून हरभऱ्याची भाजी निवडत बसल्या होत्या. सायरबाईंचा मुलगा अखिल याचं लोखंडाचं दुकान होतं, खुर्ची त्याचीच.

"लसूण आमच्यात चालत नाही बाई," सायरबाई म्हणत होत्या. "हिंग टाकून बघा एकदा." मग त्यांचं लक्ष गेलं. "काय भाईसाब, कुठे फिरून राहिले उन्हातान्हात? तुमच्या आई तर कव्हाच्या इथे बसल्यात."

लीलाधर फाटक ढकलून आत आला. तो ओट्याच्या पायरीवर आईच्या पायाशी बसला आणि तिच्या घोट्याला हात लावला. घोटा कोरडा होता. त्याला रडू आलं, पण अधीक्षक असल्यामुळे ते त्याने घामात धरलं.

"मी बठ्ठा घरे दखी उनू," आई म्हणाली. "तू दर रविवारे आठे काय दखस रे?"

"विटा," लीलाधर म्हणाला.

यशोदाबाईने एक किडकं पान बाजूला टाकलं. "येसू मी. आखाजीले येसू. पन पुढे ओटा कर. गाडी ऱ्हाऊ दे."

"करतो," लीलाधर म्हणाला. पार्किंग, सरकतं फाटक, पांढऱ्या गाडीचं मनातलं कापड, सगळं त्याने त्या एका शब्दात सोडून दिलं, आणि पावसाळ्यापासून छातीवर बसलेलं काहीतरी उठून गेलं. आता फोन वाजला तरी तो नुसता फोनच असणार होता. तो इतका हलका झाला, की समोर स्लॅब भरून झाल्याचं आणि गवंडी वर फळी फिरवत असल्याचं त्याला थोड्या वेळाने दिसलं. सर्वोच्च क्षण होऊन गेला होता. त्याला फारसं काही वाटलं नाही. भूक लागली होती.

भरिताच्या पंगतीला गल्लीतली सगळी माणसं आली, गवंड्यांना पुऱ्या कमी पडल्या आणि दीपमालाने पुन्हा कणीक मळली. सायरबाईंसाठी हिंगाचं भरीत वेगळं केलं. यशोदाबाईने ते चाखून पाहिलं आणि त्यावर मत दिलं नाही.

ओटा झाला. चांगल्या काळ्या फरशीचा, सायरबाईंच्यापेक्षा वीतभर लांबच. गृहप्रवेशाला बुद्धवंदना झाली, तेव्हा सायरबाई पहिल्या रांगेत होत्या आणि प्रेमराज पाटी काढून टाकल्याचं सगळ्यांना सांगत होता. आखाजी झाली, आक्काबाई सुरतला गेली आणि यशोदाबाई दांड्यांच्या खोलीत राहायला आली. दांड्यांवर ती लुगडं वाळत घालते.

दुपारी मात्र ती रस्ता ओलांडून सायरबाईंच्या ओट्यावर जाऊन बसते. पहिल्या दिवशी लीलाधर तिच्या मागे गेला.

"माय, आपला ओटा काय वाईट आहे?"

"ओटा चांगला शे," यशोदाबाई म्हणाली.

घराचं तोंड पश्चिमेला आहे. दुपारी ओट्यावर ऊन येतं, अडवायला झाड नाही.