ए बेडके!

उलट्या होडीखाली उंग चिखलात पालथी पडली होती. बाहेर भरदुपार, पण होडीखाली डोळ्यात बोट घातलं तरी दिसत नव्हतं. शेजारी केम होता. पळता पळता त्यानेच तिचा हात धरून तिला आत ओढलं होतं. सकाळपासून ती मेली यंत्रं सरकारी दप्तरातून माणसांचे चेहरे, आवाज, नावं चोरून गावभर फिरत होती आणि ज्याने ओ दिली तो गेला.

तेवढ्यात बाहेरून हाक आली. "ए बेडके! कुठे तडमडलीस?"

उंग म्हणजे त्यांच्या बोलीत बेडकी. सगळी खाडी तिला त्याच नावाने हाक मारायची. ओळखपत्रावरचं तिचं 'पत्तरानित' हे नाव वाचून तर केम हसून हसून लोळला होता. म्हणाला होता, "मेलो तरी हे तोंडातून निघायचं नाही."

"बेडके, ओ दे ना गं!" आवाज हुबेहूब केमचा होता, रडवेला झालेला.

शेजारच्या केमने तिचा हात दाबला. "गप्प राहा. यंत्र आहे ते."

तिने श्वास कोंडून धरला. पावलं होडीपाशी थबकली, मग हाका मारत मारत चिखल तुडवत लांब गेली. उंगने केमच्या खांद्यावर डोकं टेकलं.

"घाबरू नकोस," तो हळुवार म्हणाला. "मी आहे ना, पत्तरानित."