रक्त न आलेलं बोट

रेड्यानं डॉक्टरीणबाईंच्या टेबलावरचं दाब मोजायचं यंत्र उचललं आणि भिंतीवर आपटलं. मटणाच्या बाजारात सगळे त्याला रेडाच म्हणत. मान तशी आणि रागही तसाच.

"पाय माझा आहे! तुमच्या बापाचा नाही!"

डॉक्टरीणबाई खुर्चीतून हलल्या नाहीत. "दंडात दाब दीडशे, घोट्यात जेमतेम पन्नास," त्या म्हणाल्या. "पंधरा वर्षांच्या साखरेनं तुमच्या धमन्या आतून कडक झाल्यात, अरुंद झाल्यात. रक्त खाली पोचतच नाही. आधी वाट मोकळी करू, मग ते काळं बोट काढू. आणखी थांबलात तर गुडघ्यापर्यंत पाय जाईल."

त्यानं खुर्ची उगारली. धाकटी बहीण मागून त्याच्या गळ्यात लोंबकळली आणि त्याला तसाच बाहेर ओढत घेऊन गेली. व्हरांड्यात त्याचं कोपर तिच्या तोंडावर बसलं. ओठ फाटला. ती रक्त थुंकली आणि म्हणाली, "झालं समाधान? आता घरी चल."

दुसऱ्या दिवशी भर दुपारी ती दुकानामागच्या शीतखोलीत गेली होती. दुकान त्या दोघांचंच. तो तोडणार, ती सोलणार. गिऱ्हाईक नव्हतं. रेडा खोक्यावर बसला, त्यानं रबरी बूट काढला, मोजा सोलून काढला. करंगळी कोळशासारखी झाली होती. मांसाच्या दुकानातही तिचा वास लपत नव्हता.

'जन्मभर हाडं तोडली, आणि एवढ्याशा बोटासाठी त्या बाईच्या पाया पडू?'

त्यानं पाय ठोकळ्यावर ठेवला आणि सत्तूर खाली आणला.

खट्. बोट भुशात जाऊन पडलं. दुखलं नाही. त्यानं फडकं पुढे धरलं आणि रक्ताची वाट पाहिली. रक्त आलं नाही. राखाडी मांस, मध्ये हाडाचा पांढरा ठिपका, आणि कडेला काळसर एकच थेंब. हजारो जनावरं त्याच्या हाताखालून गेली होती, पण जिवंत अंग असं कोरडं त्यानं कधी पाहिलं नव्हतं. आणि घाबरल्यावर मारत सुटायचं, एवढंच त्याला येत होतं.

"कुठंय रक्त? कुठं मेलं?" तो ओरडला आणि या वेळी त्यानं सत्तूर पावलावरच उगारला.

बहीण धावत आली आणि तिनं त्याचं मनगट धरलं.

"सोड!"

"नाही सोडत, दादा! वेडा झालास का?"

त्यानं तिला झिडकारलं. ती त्याच्या दंडाला कडकडून चावली. त्यानं तिला फळीवर भिरकावलं. ती उठली आणि पुन्हा अंगावर आली. सत्तूर फिरला. मारायचं होतं की हात फिरला, हे त्याला नंतरही कधी सांगता आलं नाही. कोपराखाली तिचा हात उघडा पडला आणि रक्त थेट समोरच्या फरशांवर उडालं. थांबलं, पुन्हा उडालं. ठोक्याठोक्याला.

सत्तूर गळून पडला. नस कुठून जाते हे त्याला पाठ होतं. त्यानं जखमेत अंगठा खुपसला आणि दाबून धरला. ती किंचाळली.

"हलू नकोस! मेलीस तर जिवंत सोडणार नाही तुला!"

शेजारच्या मासेवाल्यानं दोघांना टेम्पोत कोंबलं. वाटभर रेड्याच्या अंगठ्याखाली तिची नाडी धडका देत होती, बाहेर यायला बघत होती. हळूहळू त्या धडका मंदावल्या, तेव्हा तो पहिल्यांदा रडला.

दवाखान्यात समोर त्याच डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी हात पाहिला, खाली त्याचा उघडा पाय पाहिला. "मी सांगेपर्यंत अंगठा काढायचा नाही," एवढंच म्हणाल्या. शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत तो लंगडत तसाच गेला. "आता काढा," त्या म्हणाल्या तेव्हा त्याचा हात उघडेना. दोन परिचारिकांनी एकेक बोट उकलून तो सोडवला.

बहिणीचा हात वाचला; दोन बोटं मात्र कायमची बधिर राहिली. चार दिवसांनी रेड्याच्या मांडीतली शीर काढून पोटरीत जोडली आणि रक्ताला नवी वाट करून दिली. पण मधल्या काळात विष चढलं होतं. अर्धं पाऊल गेलं.

पोलीस जबाब घ्यायला आला. चाकाच्या खुर्चीत बसून रेडा खाली बघत होता.

"अपघात होता का?" पोलिसानं विचारलं.

"नाही," ती म्हणाली. "यानंच मारलं. आणि जीव जाऊ नये म्हणून यानंच धरून ठेवलं. दोन्ही लिहा."

पोलीस गेल्यावर तिनं धडधाकट हातानं भावाच्या अशी मुस्काटात भडकावली की खुर्ची मागे सरकली. त्यानं गाल चोळला नाही.

"मोजा काढ," ती म्हणाली. "दुसरा पाय बघू दे."

सहा महिन्यांची शिक्षा भोगून तो परत आला. आता तोडायचं काम ती करते, डाव्या हातानं. रेडा गिऱ्हाइकांना पुड्या बांधून देतो. सत्तूर त्याला मिळत नाही, तोही मागत नाही. दोघं बोलतात, पण कामापुरतंच.