जयाचं कॉलेज बघायला सारजाबाई गेली

भैरोबाची आन, ह्यातला शबुद न् शबुद खरा हाय. खोटं निघालं तर उद्याची भाकर माझ्या तव्याला चिकटू दे.

पानशेतचं धरन फुटल्याला तीनचार वर्सं झाली हुती. मुठा गावच्या कोंडिबाची जया म्याट्रिक झाली. शंभरात सत्तेचाळीस. धड हुशार न्हाई, धड ढ न्हाई. अन् आवाज असा बारीक, की ती कोंबड्यांना दाणं टाकून बोलवायची अन् कोंबड्या शेजारनीच्या दारात जायच्या. मास्तर म्हनलं, पुढं शिकवा. कोंडिबानं थोरल्या बहिनीवर, सारजाबाईवर, सोडलं. अक्का, तू बघून ये, तुला पटलं तर धाडू, न्हाईतर माघात लगीन उरकू.

सारजाबाईनं आजवर तीन भाच्यांची स्थळं बघितली हुती. कॉलेज तिनं तसंच बघायचं ठरवलं. पिरंगुटाला येऊन दोघींनी शहराची यष्टी धरली.

पहिलं कॉलेज पेठेत, जिन्यावर. खिडकीतला कारकून म्हनला, जागा हाय, ऱ्हायची सोय तुमची तुमी बघा. पानी कुनी इचारलं न्हाई. सारजाबाई तिथनंच मागं फिरली.

"काय गं, कसं वाटलं?"

"चालंल की, आत्ती."

"पानी न इचारनाऱ्या घरात चालंल?"

"तुमी म्हनशीला तसं."

सारजाबाईच्या डोस्क्यात सनक गेली. म्हनली, म्हशीम्होरं पेंड टाकली तर ती बी नको तो घास बाजूला सारती, तुला तेवढं बी कळत न्हाई. भर रस्त्यात म्हनली. जया खाली मान घालून चालत ऱ्हायली. हिला काय हवंय ते हिलाच ठावं न्हाई, मग कोंडिबाला सांगू काय? त्यापेक्षा माघ बरा, असं सारजाबाईच्या मनात पक्कं व्हत चाललं.

दुसरं कॉलेज सरकारी. मोठं आवार, चिंचा, मैदान, मागं पोरींचं ऱ्हायचं वसतिगृह. सारजाबाई हापिसात गेलीच न्हाई. थेट सैपाकघरात शिरली अन् आमटीवरचं झाकन काढलं. सैपाकीन सगुणाबाई, ती बी आपल्याच मावळातली. तिनं पळी पुढं केली.

"खारट हाय," सारजाबाई म्हनली.

"मग नका खाऊ," सगुणाबाई म्हनली.

मग सारजाबाईनं रांजनात हात घातला, खाटा हलवून बघितल्या, भितीचं पोपडं मोजाय लागली. तवर वसतिगृहाची मोठी बाई आली. मार्कं किती म्हनून तिनं इचारायच्या आत सारजाबाईनंच इचारलं, आमची पोर तापानं फनफनली तर उशाला कोन बसंल?

"तिच्या खोलीतली पोरगी," बाई म्हनली. "अन् ती झोपली तर मी."

सारजाबाईनं वळून बघितलं तर जया न्हाई. खोल्यांत न्हाई, नळावर न्हाई. आता कोंडिबाला काय तोंड दाखवू, म्हनून ती बोंबलत भाईर आली, तवर मैदानाकडनं आरोळी आली.

"खो!"

अशी आरोळी, की भाईर रस्त्यावर बसल्याला पेरूवाला टोपली टाकून उठला अन् पळाय लागला, अन् त्याच्या जागी यष्टीची वाट बघनारा म्हातारा जाऊन बसला. पोरींना खो-खोत एक गडी कमी पडला हुता, त्यांनी जयाला वडली हुती. पातळाचा काष्टा मारून, धुळीनं माखून, जया वरडत हुती. सारजाबाईनं सतरा वर्सांत हा आवाज ऐकला नव्हता.

डाव संपल्यावर जया धापा टाकत आली.

"आत्ती, मला हितंच पायजे."

"मग सकाळधरनं तोंडात गूळ धरला हुतास व्हय?" सारजाबाई म्हनली, अन् तिच्या पातळाची धूळ अशी झटकली, की धपाटंच बसलं.

घरी कोंडिबानं इचारलं. सारजाबाई म्हनली, आमटी खारट हाय, भितीला पोपडं हायेत, पोरी लई वरडत्यात.

"म्हंजी नको?"

"नको कवा म्हनलं मी? फारम भर."

जया शिकाय गेली.

आता भाकर चिकटायच्या आत एक सांगून टाकते. आमटी खारट नव्हती. सारजाबाई दोन वाट्या पिऊन आली. पन खोड काढल्याबिगर कुठलंच स्थळ पसंत करायची तिला सवय न्हाई, म्हनून ती खारट म्हनली, अन् सांगताना मी बी ते मीठ तसंच ऱ्हाऊ दिलं. पेरूवाला मातर खरा.