अकराने की बाराने

थोरली आणि धाकटी, दोघी जावा, एकाच गुंतवणूक कंपनीत समोरासमोरच्या टेबलांवर बसत. धाकटीला तिथे लावून दिलं थोरलीनेच. हे हल्ली फक्त थोरलीच्याच लक्षात होतं.

घरी सासूबाई म्हणत, "धाकटीचा हात कसा झरझर चालतो." ऑफिसात विभागप्रमुख मॅडमही तेच म्हणत. थोरली ऐकून घेई आणि आपल्या डब्याचं झाकण जरा जास्तच घट्ट लावी.

त्या आठवड्यात फंडांच्या विश्लेषणासाठी पुढे कुठलं सॉफ्टवेअर घ्यायचं ते ठरणार होतं. थोरलीचा सगळा जन्म 'आर' या संगणकाच्या भाषेत गेलेला. धाकटीचा हट्ट पायथनचा. जिचं निवडलं जाईल, तिच्या हाताखाली सगळा विभाग शिकणार होता.

मॅडमनी दोघींना एकाच फंडाचा बारा महिन्यांचा परतावा दिला आणि जोखीम काढायला सांगितली, म्हणजे परतावा सरासरीभोवती किती हेलकावे खातो ते.

थोरलीचं उत्तर ४.६ आलं, धाकटीचं ४.४.

"तुझ्या लाडक्या पायथनला साधा भागाकारही येत नाही वाटतं," शेजारचा हिशेबनीस धाकटीला म्हणाला.

धाकटीने पुन्हा करून पाहिलं. पुन्हा ४.४. तिचे कान लाल झाले.

थोरलीच्या ते केव्हाच ध्यानात आलं होतं. 'आर' शेवटी अकराने भागतो. थोड्या आकड्यांवरून अंदाज बांधताना एक कमी धरतात. धाकटीने पायथनमध्ये लिहिलेली आज्ञा मात्र आपण होऊन बाराने भागते. अकराने भाग, असं त्या आज्ञेत वेगळं सांगावं लागतं. पोरीने तेवढंच सांगितलं नव्हतं.

थोरली नखं पाहत बसली. खोटं बोलायचं नाही, हा तिचा रोजचा नेम. गप्प बसायला त्याची आडकाठी नव्हती. पोटात कसं गार गार वाटत होतं.

"मग पायथन बाद," मॅडम म्हणाल्या आणि थोरलीकडे वळल्या. "तुम्ही सांगा, हिशेब चुकीचाच करतो ना हा?"

"ताई, माझंच काहीतरी राहिलं असेल," धाकटी पुटपुटली.

नुसतं 'हो' म्हटलं की झालं होतं. जीभ उचलेना.

"नाही," थोरली म्हणाली. "अकराने भाग म्हणावं त्याला."

धाकटीने तसं लिहिलं. ४.६ आलं.

"झालं तर," मॅडम म्हणाल्या. "आपल्या बाकीच्या यंत्रणेला हेच जुळतं. पायथनच घेऊ."

संध्याकाळी घरात पाऊल टाकताच धाकटीने सासूबाईंना सगळं सांगितलं. "ताई नसत्या ना, तर माझी काही धडगत नव्हती."

सासूबाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि थोरलीला म्हणाल्या, "बघ, मन किती मोठं आहे हिचं. स्वतः जिंकली तरी श्रेय तुला देते."

"हो," थोरली म्हणाली. तेही खरंच होतं, म्हणून जास्त झोंबलं.

"ताई, उद्या सकाळीच बसू या," धाकटी लाडाने म्हणाली. "अगदी पहिल्यापासून शिकवते तुम्हाला."