एक दिवस चालवून बघू

भिंगरीचा ताप उतरला त्या सकाळी तिच्या आजोबांनी आधी काय केलं, तर तिच्या कपाळावर उलटा हात ठेवला आणि डोळे मिटून घेतले. पंखा दुरुस्त झाला की मोटरीवरही ते असाच हात ठेवायचे. चौकापलीकडे त्यांचं पंखे-मिक्सर दुरुस्तीचं दुकान होतं. वस्तू सुरू झाली त्याच दिवशी गिऱ्हाइकाच्या हवाली करायची नाही, हा त्यांचा शिरस्ता. दिवसभर चालू ठेवायची, येता-जाता हात लावून बघायचा, मगच द्यायची. गिऱ्हाइकं कुरकुरायची आणि पुढच्या वेळी पुन्हा त्यांच्याकडेच यायची.

"गार आहे," ते म्हणाले.

"थर्मामीटरपण तेच म्हणतोय, बाबा," त्यांची लेक, भिंगरीची आई, म्हणाली.

"मग बरोबर असेल बिचारा."

लेक एका छापखान्यात मुद्रितं तपासायची. नवरा फिरतीवर होता आणि तीन वर्षांची भिंगरी पाळणाघरातून फ्लू घेऊन आली होती. अंग फणफणलेलं, नाक वाहतंय, खोकून खोकून पोरीचा जीव मेटाकुटीला आलेला. दुसऱ्याच दिवशी लेकीने तिला डॉक्टरीणबाईंकडे नेलं होतं, बाबा पाण्याची बाटली सांभाळत मागोमाग. डॉक्टरीणबाईंनी घाई न करता सगळं समजावलं. मूल लहान आहे आणि दुखणं नुकतंच सुरू झालंय, म्हणून विषाणूवरचं औषध देते. तापाचं औषध वजनाप्रमाणे, अंदाजाने नाही. अँटिबायोटिकचा इथे उपयोग नाही. थोडं थोडं पाजत राहा. श्वास जोरात चालला, लघवी कमी झाली, पोर मलूल होऊन उठेनाशी झाली किंवा उतरलेला ताप पुन्हा चढला, तर फोन करत बसू नका, सरळ दवाखान्यात या.

"आणि हे चालणार किती दिवस?" बाबांनी विचारलं होतं.

"ताप तीन-चार दिवस, कधी थोडा जास्त. खोकला आणि मरगळ मात्र दोन आठवडेसुद्धा रेंगाळते. त्याला घाबरायचं नाही."

घरी आल्यावर बाबांनी नातीला दोन चादरींत गुंडाळलं. लेकीने त्या ओढून काढल्या. "तापलेल्या मोटरीला कुणी गुंडाळून ठेवतं का, बाबा?"

बाबा खो-खो हसले. "हे मात्र पटलं हं."

आता ताप उतरला होता आणि छापखान्यात कामाचा ढीग साचला होता. "उद्या पाळणाघरात सोडते हिला," लेक म्हणाली.

"अगं, आज कुठे ताप उतरलाय. औषधाशिवाय पुरता एक दिवस जाऊ दे."

"ती तुमचा पंखा नाहीये."

"नाहीये ना. पंखा निदान किरकिर तरी करत नाही. उद्या दुपारनंतर मी बसतो हिच्यापाशी, सकाळ तू काढ. एक दिवस चालवून बघू."

भिंगरी त्यांच्या मांडीवर बसून एका तुटक्या पात्याला सुपाचा चमचा भरवत होती. त्या तिघांच्या आयुष्यातला तो अगदी साधा दिवस होता.

संध्याकाळी आपल्या घरी जायला बाबा चपला घालून दारात उभे राहिले. रोज निघताना एकच प्रश्न: "काही काम आहे का? नाहीतर निघतो."

"काही नाही. निघा तुम्ही," लेक कपड्यांच्या घड्या घालता घालता म्हणाली. मान वर करायचंही तिला सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाबा आलेच नाहीत. शेजारच्या दुकानदाराला ते खुर्चीत बसलेले दिसले, मान एका बाजूला कललेली. समोर टेबलपंखा चालू होता. हृदय थांबलं होतं. शेजाऱ्याने पंखा बंद केला आणि मग लेकीला फोन लावला.

माणसं आली, बसली, गेली. नवरा आला, त्याला शक्य होतं तितकं राहिला. लेक रडली नाही. चहा केला, कपाट आवरलं, फोन घेतले. भिंगरी खोकत होती. लेकीच्या मनात एक विचार घर करून बसला होता आणि तो कुणाला सांगण्यासारखा नव्हता: हा खोकला बाबांच्या वेळचा आहे. तो सुरू झाला तेव्हा बाबा होते. तो आहे तोवर ते दुखणं अजून चालू आहे, आणि त्या दुखण्यात बाबा आहेत.

म्हणून डॉक्टरीणबाईंनी छाती तपासून, "छान आहे, खुशाल पाळणाघरात पाठवा, उरलेला खोकला आपोआप जाईल," असं सांगितलं, तरी तिने भिंगरीला घरीच ठेवलं. नवरा हलकेच म्हणाला, "पोरगी बरी झालीये गं."

"माहितीये मला," ती म्हणाली.

अखेर इस्त्रीचं दुकान चालवणाऱ्या बाईंचा फोन आला. बाबांसमोर चालू होता तो टेबलपंखा त्यांचा होता. लेकीने भिंगरीला बरोबर घेतलं, शटर वर केलं. आत तेलाचा आणि तापलेल्या तारेचा तोच वास. तिने बटण दाबलं. पंखा आवाज न करता फिरू लागला.

"चालतोय की. द्या," बाई म्हणाल्या.

"उद्या नेलात तर चालेल? एक दिवस चालवून बघायचा राहिलाय."

बाई तिच्याकडे बघत राहिल्या. "अगदी त्यांच्यासारखं बोललीस बघ. नेते उद्या," म्हणत त्या पायरी उतरल्या.

लेक बाबांच्या खुर्चीत बसली. भिंगरी मांडीवर चढली, हात लांबवून तो उलटा केला, मोटरीवर ठेवला आणि डोळे घट्ट मिटले.

"गार आहे," ती म्हणाली.

मोटर चांगली कोमट होती. लेक हसली आणि तेवढ्यात तिच्या लक्षात आलं, की सकाळपासून पोर एकदाही खोकलेली नाही. तिने कान दिला. पंखा फिरत होता, भिंगरीचा श्वास शांत चालला होता. घरघर नाही, काही नाही. दुखणं संपलं होतं.

तिने दाराकडे बघितलं. तिथे कुणी नव्हतं. पायरीवर नुसतं ऊन पडलं होतं.

"आहे, बाबा," ती मोठ्याने म्हणाली, आणि तिला रडू फुटलं. "काम आहे. निघू नका. थांबा ना."