डायनॅमो काढल्यानंतर

नागावच्या नूतनताई अठ्ठावन्नाव्या वर्षी गाडी चालवायला शिकल्या, ते काही हौस म्हणून नव्हे. त्यांचे थोरले भाऊ गणराज वारले आणि त्यांची एकोणसत्तर सालची फियाट वाडीत माडांखाली उभी राहिली. दोघांनीही लग्न केलं नव्हतं. सगळा जन्म एकाच घरात आणि त्याच गाडीत गेलेला. गाडी विकायला मन होईना, नुसती उभी बघवेना. म्हणून शिकल्या.

गाडी तशी गुणी होती, पण तिचा डायनॅमो पार थकला होता. बाजाराच्या गर्दीत गाडी हळू चालली की तो वीज बनवायचं सोडून द्यायचा, समोर लाल दिवा लागायचा आणि दीड-दोन महिन्यांत बॅटरी मान टाकायची. मग नूतनताई अलिबागला दत्तात्रेयच्या दुकानात जायच्या. हा गणराजच्या वेळेपासूनचा इलेक्ट्रिशियन, आता सत्तरीला टेकलेला. तो डायनॅमो खोलायचा, आतले झिजलेले कार्बनचे ब्रश बदलायचा, पुन्हा बसवायचा. दोन तास सहज मोडायचे. तेवढ्यात गप्पा व्हायच्या. गणराज हॉर्नच्या आवाजावरून कसा भांडायचा, कार्लेखिंडीत गाडी बंद पडली तेव्हा कोण कोण ढकलायला होतं. नूतनताई बाकावर बसून ऐकायच्या, मधेच चूकही काढायच्या. घरी आल्यावर पुढच्या खेपेपर्यंत दूधवाल्याशी बोलणं होईल तेवढंच.

"ताई, हा डायनॅमो आता काढून टाकूया," एके दिवशी दत्तात्रेय म्हणाला. "त्याच्या जागी आल्टरनेटर बसवतो. नव्या गाड्यांना असतो तो. गाडी जागेवर उभी असली तरी चार्जिंग करतो. मला बारीक काम दिसत न्हाय आता, नि तुमचीपण सारखी खेप वाचंल."

इतक्या मायेनं म्हणाला, की नको म्हणायला त्यांना कारणच सापडेना.

काम अख्खा दिवस चाललं. आल्टरनेटर जुन्या जागेत बसेना, म्हणून लेथवाल्याकडून पट्टी करून आणावी लागली. तो फिरवणारा रबरी पट्टा लांब पडला, दुसरा आणला. दत्तात्रेयनं आधी बॅटरीची तार सोडवली, मग नव्या जाड तारा ओढल्या. नूतनताईंनी टॉर्च धरला, पाने हातात दिले. दुपारी दोघांनी पाववडे खाल्ले. संध्याकाळी गाडी सुरू केली आणि लाल दिवा विझला, तो विझलेलाच राहिला. दत्तात्रेय पोरासारखा खुलला.

"आता धा वर्षं बघायला नको!"

खरंच बघावं लागलं नाही. एक महिना गेला, दोन गेले, तीन झाले. नूतनताई उगाच आक्षीपर्यंत चक्कर मारून यायच्या. लाल दिवा काही लागत नसे. सगळं ठीक असल्यावर दुकानात जाऊन म्हणायचं काय?

चौथ्या महिन्यात एका सकाळी त्यांनी बॉनेट उघडलं. आधी बॅटरीची तार सोडवली, दत्तात्रेयनं सोडवली होती तशी. मग आल्टरनेटरच्या मागच्या तारेचा नट पान्यानं सैल केला, बॅटरी पुन्हा जोडली आणि अलिबागला निघाल्या.

दुकानात एक रिक्षावाला आधीच थांबलेला. चार्जिंग होत नाही म्हटल्यावर दत्तात्रेयनं चष्मा कपाळावर चढवला, बॉनेटखाली हात घातला आणि तसाच थबकला.

"हा नट सैल हाय."

"हादऱ्यानं झाला असेल," नूतनताई म्हणाल्या.

"हादऱ्यानं न्हाय होत ताई. मीच नीट आवळला नसंल." त्यानं पाना घेतला. "तारेला आग लागली असती. तुम्ही एकट्या गाडीत. पोरगी सांगतच हाय, बंद करा आता दुकान. तिचंच खरं."

त्यानं नट आवळला, वर दुसरा चढवला. पाच मिनिटांचं काम. मग रिक्षाकडे वळला, पण लगेच हात लावेना. नुसता बघत उभा राहिला.

नूतनताई गाडीत बसल्या. चावी फिरवली, पण गिअर टाकवेना. त्या उतरून परत आल्या.

"दत्ताभाऊ, नट मी सैल केला होता. तुम्ही नीटच आवळलेला."

"तुम्ही? कशाला?"

कशाला ते त्यांनी गाडीतून उतरून येताना मनात नीट जुळवलं होतं, पण रिक्षावाला बघत होता.

"सहज," त्या म्हणाल्या. "जमतं का बघत होते."

दत्तात्रेयचा चेहरा एकदम सैलावला. "आयला! ऐकलंस काय रे? ताई मेकॅनिक झाल्या!" तो मोठ्यानं हसला, रिक्षावालाही हसला. नूतनताईही हसल्या. "मग डोळे हायत अजून माझे," असं स्वतःशीच म्हणत तो रिक्षात वाकला आणि कामाला लागला. त्याची पाठ थोडा वेळ बघून त्या निघाल्या.

घरी पोचल्या तेव्हा शेजारच्या होमस्टेमधली पुण्याची मंडळी रस्त्यावरच होती. फियाट बघून धावत आली. कुणी बॉनेटला टेकलं, कुणी दारावर हात ठेवला.

"काकू, किती मस्त गाडी! फोटो काढू?"

"काढा की," नूतनताई म्हणाल्या आणि पदर सारखा करून दारापाशी उभ्या राहिल्या.

"काकू, जरा बाजूला होता का? गाडी पूर्ण येत नाहीये."

त्या बाजूला झाल्या. फोटो बराच वेळ चालले.